वर गेलेला हात

विमा कंपनीच्या माणसाने टेबलावरून फोन तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "ओळखता का बघा." तिला वाटलं, कोणाचा तरी फोटो असेल, कामावरच्या मुकादमाचा, नाहीतर त्या दिवशी तिला गाडीत घालून दवाखान्यात नेणाऱ्या ड्रायव्हरचा. पण पडद्यावर नुसता एक हात होता. खांदा, थोडी मान, आणि हात. तो हळूहळू वर चालला होता, थरथरत, मध्येच अडत, पुन्हा निघत, आणि डोक्याच्याही वर जाऊन तो क्षणभर उभा राहिला. कोपराखालची, इस्त्रीच्या रोलरने भाजल्याची जुनी खूण दिसली तेव्हा तिला कळलं की हा आपलाच हात आहे. स्वतःचा हात असा बाहेरून, परक्या माणसाचा बघावा तसा, तिने कधी पाहिला नव्हता. चांगला गेला की, असं तिच्या मनात आलं, आणि ती हसली. अगदी थोडी. समोरच्या माणसाने ते हसू पाहिलं, फोन आपल्याकडे ओढून घेतला आणि पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला. फार सभ्य माणूस होता तो. "आम्हालाही आनंदच आहे, बाई," तो म्हणाला, "पण भरपाईच्या अर्जात तुम्ही म्हणता, हात खांद्याच्या वर जात नाही. मग हा कोणाचा?" ती म्हणाली, "माझाच." "तेच म्हणतोय मी," तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात वैद्यकीय मंडळासमोर तपासणी आहे, तिथेही हात असाच वर करून दाखवा म्हणजे सगळ्यांचाच वेळ वाचेल, असं सांगून तो उठला आणि त्याने तिच्यासाठी दार उघडून धरलं, अधू माणसासाठी धरतात तसं.

राग तिला जिन्यात आला. तिला राग नेहमी उशिराच यायचा. माणूस निघून गेल्यावर, भांडी घासताना किंवा बसच्या रांगेत, आणि मग त्याला द्यायची होती ती सगळी उत्तरं एकामागून एक सुचत जायची. लोक तिला गरीब स्वभावाची म्हणायचे ते त्यामुळे. कठडा नेमका उजव्या बाजूला होता. उजवा हात पोटाशी धरून, डावा भिंतीला टेकवत ती उतरत होती आणि पायरीपायरीला तिला आपलं ते हसू आठवत होतं. विमावाल्याचा राग येऊन तरी काय उपयोग. तो ज्याचं मीठ खातो त्याचं काम करतो. तिला चीड आली ती स्वतःच्या तोंडाची. ज्या हाताने इतके महिने साधा केसांचा अंबाडा बांधता येत नव्हता, तो हात वर गेलेला दिसला म्हणून ते तोंड परक्याच्या कचेरीत हसून मोकळं झालं होतं. रस्त्यावर आल्यावर घाईत चाललेल्या कोणाचा तरी धक्का लागला. कळ खांद्यातून कोपरापर्यंत उतरली, आणि त्या कळेबरोबर पडद्यावरचा हात तिच्या डोळ्यांसमोर पुन्हा वर जाऊ लागला. या वेळी तिला हातामागची भिंत दिसली. फिकट हिरवी, वरच्या बाजूला पोपडा निघालेली. ती तिथेच थांबली. मागून येणारी एक बाई "रस्त्यात काय उभं राहायचं" असं पुटपुटत बाजूने गेली. ती भिंत तिला पाठ होती. त्याच भिंतीवर बोटं चालवत चालवत, मुंगी चढावी तशी, हात वर न्यायचा व्यायाम तिने किती वेळा केला होता. आणि त्या खोलीत तिच्याखेरीज दुसरं एकच माणूस असायचं.

फिजिओथेरपिस्ट हा शब्द घरात कोणाच्या तोंडात बसला नव्हता म्हणून ते तिला व्यायामवाली म्हणायचे. अंगाने किडकिडीत, केस कापलेली, नखं अगदी मुळाशी काढलेली मुलगी. पहिल्या दिवशी तिने आपले तळहात एकमेकांवर घासून ऊन केले होते आणि काही न विचारता खांद्यामागे ठेवले होते. "इथे," मग बोट जरा सरकवून "इथे," आणि मग अगदी काखेजवळ, जिथे दुखतंय हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नव्हतं, "आणि इथे." त्याआधी डॉक्टरांनी खांदा पाहिला होता तो बाजारात फळ दाबून बघावं तसा. नवऱ्याचा हात अंगावर यायचा तो काहीतरी मागायला, किंवा झोपेत. दुखणं शोधत फिरणारी बोटं तिला आईनंतर पहिल्यांदा भेटली होती, आणि डोळे मिटून बसलेल्या तिला त्या सुखाची लाजच वाटली होती. पुढे ती वेळेच्या आधी येऊन बाकावर बसायला लागली. घरी सांगताना मात्र कपाळाला आठी घालून सांगायची, की काय तो जीव घेतात तिथे. त्या दुपारी व्यायामवालीने एक हात तिच्या कोपराखाली धरला होता, दुसऱ्या हातात फोन होता. "डोळे मिटा, मावशी. हाताचा विचारच करू नका. एखाद्या आवडत्या जागेचा विचार करा." आवडती जागा कुठली ते तिला सुचेना. सुचत नाही याचंच तिला नवल वाटत राहिलं, आणि त्या नादात हात वर जात राहिला. मग कानाशी ती मुलगी हळूच म्हणाली, "मी माझा हात काढलाय. उघडा डोळे." हात वर होता. एकटा. पहिल्यांदा भिंत सोडून उभं राहिलेलं पोर असतं तसा, पडायच्या बेतात. मग तो पडलाच, आणि अशी कळ आली की ती स्टुलावर मटकन बसली, आणि दोघी हसत सुटल्या. व्यायामवालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बसमध्ये ते पाणी आठवून आता तिच्या अंगाची लाही लाही झाली. घ्या, हसून घ्या, रडून घ्या, आणि मग नेऊन द्या तिकडे.

फाटल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला होता. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लॉण्ड्रीत ती कामाला होती. खालच्या मजल्यावर धुण्याची मशीनं, वर इस्त्री आणि घड्या, आणि बायकांना दोन्हीकडे आळीपाळीने काम. कडेच्या मशीनचं पिळणं बिघडलेलं होतं. ते नुसतं घरघरायचं आणि चादरी निथळत्या तशाच आत पडून राहायच्या, एकमेकींत गुंतून, ओल्या दोरखंडासारख्या. मुकादमाला सगळ्यांनी सांगून झालं होतं. तो म्हणायचा, "बघतो." त्या दिवशी ती अशाच एका गुंत्याशी झटत होती, एक पाय मशीनच्या कडेला लावून, दोन्ही हातांनी, पाठ मागे टाकून. गुंता येता येता अचानक अडला आणि टर्र असा आवाज झाला. तिने आधी चादर पाहिली. चादर फाटली की ती कोणाच्या हातून फाटली हे विचारायला मुकादम हजर असायचा, म्हणून सवयीनेच तिने ओली चादर पसरून काठाकाठाने पाहिली. कुठेच फाटली नव्हती. तेवढ्यात मुकादमही आला आणि त्याने विचारलं, "फाटली का?" ती म्हणाली, "नाही." आणि तेव्हा तिला कळलं की उजवा हात खाली लोंबतोय आणि त्याला वर ये म्हटलं तर तो येत नाही. पुढे खांद्याच्या आतला स्नायू अर्धा तुटल्याचं निघालं. लॉण्ड्री कंपनीच्या डॉक्टरने लिहिलं, वयोमानाने झीज. वयोमानाने. जणू ते वय ती घरून डब्यात घालून घेऊन आली होती आणि कंपनीच्या वेळेत तिने ते काढून खाल्लं. ज्यांच्या मशीनपाशी तिची बरीचशी उमर ओल्या कपड्यांबरोबर पिळली गेली, त्यांनी आता हात वर केले होते, आणि तिने मात्र करायचा नव्हता.

नवरा एका कचेऱ्यांच्या इमारतीत लिफ्ट चालवायचा. जन्म वर-खाली करण्यात गेला पण चढलो कुठेच नाही, हा त्याचा ठरलेला विनोद, आणि तो नव्या माणसाला एकदा तरी सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच." तो चहाचा कप विसळत म्हणाला, "तुला कोणी सांगितलं होतं एवढा वर न्यायला?" "व्यायाम होता तो." "व्यायामच. पण आपली बाजू बघून करावा माणसाने. आता मंडळापुढे तरी हातचं राखून ठेव." ती म्हणाली, "जेवढा जातो तेवढा जातो. त्यात राखायचं काय?" "राखायचं काय म्हणजे? अगं, आजारी माणसाने आजारी दिसायला पाहिजे. मी एवढी माणसं वर नेतो. खरंच ज्याचा पाय दुखतो तो लिफ्टमध्ये गप्प उभा असतो, आणि त्याच्या पायावर सगळे पाय देतात. जो कण्हतो त्याला जागा मिळते." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ते खोटं नव्हतं याचाच तिला त्याच्यावर राग आला. रात्री त्याने नेहमीप्रमाणे तिचे केस बांधून दिले. ओढून, वेडेवाकडे, एखादं बोचकं बांधावं तसे. आज तिला ते सहन होईना. तिने सगळे सोडून टाकले आणि मोकळ्या केसांनीच स्वयंपाकघर आवरलं, आणि केस सारखे तोंडावर येत राहिले.

दुसऱ्या दिवशी व्यायामवालीने तिला पाहून हात ऊन करायला सुरुवात केली, तशी ती दारातूनच म्हणाली, "माझा हात तू त्यांना विकलास." आयुष्यात ती कोणाला असं तोंडावर काही बोलली नव्हती. वाक्य तिने बसमध्ये जुळवलं होतं आणि ते तोंडातून निघालं तेव्हा तिला वाटलं होतं त्यापेक्षा बारीक आवाजात निघालं. मुलगी तशीच उभी राहिली, तळहात एकमेकांवर टेकलेले. "तो फोनमधला?" ती म्हणाली. "तो अहवालाबरोबर गेला, मावशी. अहवाल दर महिन्याला जातो." "मला विचारलंस?" "पहिल्या दिवशी सही घेतली होती सगळ्याची." "सगळ्याची म्हणजे कशाची?" मुलगी एकदम भरभर बोलायला लागली. "सुधारणा दाखवली नाही तर ते पुढचे व्यायाम मंजूर करत नाहीत. उपयोग होत नाही असं लिहून बंद करतात. तुमचे मागच्याच महिन्यात बंद करणार होते. मी फोन केला, भांडले. ते म्हणाले, काहीतरी दाखवा. म्हणून पाठवला. तुमचे बंद होऊ नयेत म्हणून पाठवला." ती ऐकत होती. म्हणजे हात वर गेला नाही तर उपचार बंद, आणि गेला तर भरपाई बंद. कोणत्या माणसाने बसून, चहा पीत, हे इतकं नीट जुळवलं असेल? "मग तू हात काढलास तेवढंच का पाठवलंस? आधी तू धरून ठेवला होतास, ते? नंतर तो पडला, ते?" मुलगी म्हणाली, "मी सगळं पाठवलं होतं." आणि ती हे खरं सांगत होती, चेहऱ्यावर दिसत होतं. राग कुणावर तरी धरावा म्हणून ती इथवर आली होती आणि इथेही त्याला टेकायला जागा निघेना. मग तर तो आणखीच वाढला. समोर जे माणूस होतं त्याच्यावरच तो काढणं भाग होतं. "परत मला हात लावू नकोस," ती म्हणाली, आणि निघाली. बाहेर बाकावर गुडघ्याला पट्टा बांधलेला एक म्हातारा बसला होता. तो आदराने पाय आत घेऊन तिला वाट देत होता. तिने त्याच्याकडेही रागाने पाहिलं.

घरी खांदा आखडायला लागला. हे असं होणार हे तिला माहीत होतं, आणि तरी ती व्यायाम करीना. गरम पाण्याची पिशवी लावून ती खिडकीपाशी बसायची. खांद्याच्या आत काहीतरी हळूहळू घट्ट होत जाताना कळायचं, थंडीत तूप थिजावं तसं, आणि त्यात तिला एक वाईट समाधान वाटायचं. घ्या. आता मोजा. नवरा मात्र हौसेने तालीम घेऊ लागला होता. कामावरून आला की तो खुर्चीत बसायचा, घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "हं, बाई, हात वर करा." ती करायची. "फार झाला. छातीपर्यंत बास. आणि तोंड जरा वाकडं." एकदा तिने छातीपर्यंतसुद्धा नेला नाही तर तो म्हणाला, "हे अगदीच नाटकी वाटतं." "खरंच जात नाहीये." तो खुर्चीतून उठला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. "व्यायामाला जात नाहीस?" ती म्हणाली, "कशाला जाऊ? तुम्हालाच नको होता ना वर जायला?" त्यानंतर दोन दिवस तो विनोद करायचा थांबला.

मग एका संध्याकाळी तिची जोडीदारीण आली. लॉण्ड्रीत चादरीच्या घड्या दोघींनी घालायच्या असतात, आणि या दोघींनी त्या इतकी वर्षं घातल्या होत्या की एकमेकींशी बोलायला त्यांना बोलावं लागत नसे. जोडीदारीण चांगलीच उंच, म्हणून सगळे तिला शिडी म्हणायचे. दोन टोकं धरायची, झटका द्यायचा, जवळ यायचं, बोटांना बोटं लागली की टोक सोपवायचं, मागे सरायचं. दिवसभर असं जवळ येणं आणि लांब जाणं. शिडीच्या घरातली भांडणं, आजारपणं, सगळं तिला त्या जवळ येण्याच्या क्षणांत तुकड्यातुकड्याने कळलेलं होतं. आता शिडी खुर्चीच्या कडेला बसून म्हणाली, "नवीन आलीय ती ठेंगणी आहे. चादर तिरकी होते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुला एक सांगते, पण माझं नाव घेऊ नकोस. ते मशीन दुरुस्त केलं." "कधी?" "तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात. माणूस आला, खोलून बसला, आणि तासाभरात पिळायला लागलं. आता कशी कोरडी निघतात माहितीय?" ते सांगताना शिडीच्या तोंडावर क्षणभर खरंच बरं वाटल्यासारखं आलं, ओल्या चादरी ओढायला लागत नाहीत याचं, आणि मग ते तिचं तिलाच कळून ती ओशाळली. तासाभरात. तिने विचारलं, "मंडळासमोर येऊन एवढंच सांगशील?" शिडी आपल्या तळहातांकडे बघत राहिली. "माझंही हातावरच पोट आहे गं," ती म्हणाली. दारात चपला घालताना तिने हिचा डावा हात धरून दाबला, जरा जास्तच वेळ. शिडी गेल्यावर तिने गरम पाण्याची पिशवी उचलून भिंतीवर फेकली. डाव्या हाताने फेकलेली, म्हणून ती भिंतीपर्यंत गेलीच नाही. मध्येच धप्पकन पडली, आणि फुटलीही नाही.

मंडळाची खोली मोठी होती आणि तीत फार खुर्च्या होत्या. टेबलामागे दोन डॉक्टर. एक वयस्कर, चष्म्याची दोरी गळ्यात अडकवलेले, आणि एक मधल्या वयाच्या बाई, ज्यांना सर्दी झाली होती. विमावाला बाजूला बसला होता आणि तिला पाहून त्याने ओळखीची मान हलवली. नवऱ्याला दाराशी बसवलं होतं. वयस्कर डॉक्टर सगळं वाचून काढत होते, आणि मध्येच त्यांनी विचारलं, "मशीन बिघडलेलं होतं असं तुम्ही म्हणता." विमावाला लगेच म्हणाला, "तशी कुठे नोंद नाही, डॉक्टर." आणि वाक्य तिच्या जिभेवर आलं. बिघडलेलं नव्हतं तर दुरुस्त काय केलंत? एवढंच. एवढं एक वाक्य, आणि त्या सभ्य माणसाचं तोंड बघायला मिळालं असतं. पण लगेच पुढचा प्रश्न येणार होता, हे तुम्हाला कोणी सांगितलं, आणि खाली मशीनपाशी उभ्या असणाऱ्या बायका मोजायला मुकादमाला वेळ लागला नसता. तिने ते वाक्य गिळलं. इतकी वर्षं ती अशीच गिळत आली होती, भीतीने, सवयीने, उशीर झाला म्हणून. हे तिने समजून-उमजून गिळलं, आणि ते निखाऱ्यासारखं खाली उतरत गेलं. "बरं, उजवा हात वर करा," डॉक्टर म्हणाले. दाराशी नवऱ्याने घसा खाकरला.

तिने हात वर केला. छातीपाशी तो थांबला नाही. आखडलेल्या खांद्यात काहीतरी करकरलं, डोळ्यांसमोर पांढरं झालं, पण ती ढकलत राहिली, दात आवळून, खांद्याच्या वर, कानापर्यंत, जिथपर्यंत म्हणून तो जात होता तिथपर्यंत. विमावाल्याने लिहून घेतलं. सर्दीवाल्या बाई उठून आल्या, त्यांनी कोनमापक लावून आकडा सांगितला. "ठीक आहे, खाली घ्या," वयस्कर डॉक्टर म्हणाले. तिने खाली घेतला आणि पुन्हा वर केला. या वेळी तो कानापर्यंत गेला नाही. "झालं बाई, मोजलं." "पुन्हा मोजा," ती म्हणाली. "एकदाच मोजायचं असतं." "चादर एकदाच ओढायची नसते." आणि तिने तो पुन्हा वर केला. खांद्याशी आला. पुन्हा. छातीशी. आता सगळा हात कापत होता आणि घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता, आणि तो पुसायला डावा हात आहे हेही तिच्या लक्षात आलं नाही. खोलीतले सगळे ती थांबायची वाट बघत होते हे तिला कळत होतं, आणि ती थांबणार नव्हती. शेवटी हात कमरेपाशी आला आणि त्याने पुढे जायचं नाकारलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने डावा हात वर केला, सहज, दिवा लावायला करावा तसा. "हा डावा," ती म्हणाली. "हाही माझ्याच वयाचा आहे. याची झीज का नाही झाली?" वयस्कर डॉक्टरांनी चष्मा काढून छातीवर सोडला. ते वाईट माणूस नव्हते. फक्त दमलेले होते, आणि बाहेर अजून बरीच माणसं बसली होती. "बाई, मला पहिल्या वेळचाच आकडा लिहिता येतो," ते म्हणाले. "मग बाकीचे कोण लिहिणार?" सर्दीवाल्या बाईंनी एक खुर्ची उचलून तिच्यामागे आणून ठेवली. तेवढ्यासाठी तिला त्यांचाही राग आला, कारण ती बसली, आणि बसल्यावर रडली. दुःखाने नाही. पण ते त्या खोलीत कोणाला वेगळं ओळखू आलं असेल असं तिला वाटलं नाही.

बसमध्ये नवरा तिच्या उजव्या बाजूला बसला, माणसांचा धक्का तिच्या खांद्याला लागू नये म्हणून. मग म्हणाला, "एवढी तालीम घेतली मी." त्याने ते इतक्या कष्टी आवाजात म्हटलं की दुसऱ्या एखाद्या दिवशी तिला हसू आलं असतं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला खोटं आजारी व्हायचं नाही. मी खरी आजारी आहे." तो म्हणाला, "ते मला माहीत आहे." "तुम्हाला माहीत आहे तर मला नाटक का करायला लावता?" त्याची बोटं मांडीवर सवयीने बटणं दाबल्यासारखी हलत होती, एक मजला, मग दुसरा. तिला त्याची दया आली आणि ती तिने येऊ दिली नाही. आज तरी नाही.

निकाल लागला तो असा, की खांद्याचं अर्धं नुकसान कामामुळे आणि अर्धं वयामुळे झालं आहे. भरपाई त्या हिशेबाने अर्धी, व्यायाम आणखी काही महिने चालू, आणि कामावर परत घेतलं तर हलकं काम. निकाल ऐकून नवरा म्हणाला, "निदान अर्धं तरी मान्य केलं." ती म्हणाली, "कुठलं अर्धं?" तो म्हणाला, "म्हणजे?" "दुखतं ते अर्धं त्यांचं की माझं?" शेजारीपाजारी म्हणत होते, की काहीच न मिळण्यापेक्षा हे बरं, आणि ती मान हलवत होती. पण राग गेला नाही. पूर्वी तो यायचा, दोन दिवस भांड्यांवर निघायचा आणि जायचा. आता तो घरातल्या माणसासारखा राहायला आला होता. सकाळी उठलं की असायचा. ती त्याच्यासकट चहा करायची, त्याच्यासकट कपडे वाळत घालायची, डाव्या हाताने, आणि तिला हेही कळलं होतं की तो नसता तर ती आता फार थकली असती.

मंडळापुढे केलेल्या त्या सगळ्या वर-खाली करण्याने खांदा सुजून बसला होता. हात अंगाला चिकटल्यासारखा झाला होता. व्यायामवालीचे फोन येऊन गेले होते, तिने उचलले नव्हते. एक दिवस कपडे घालताना बाही चढेना. अर्धी बाही घातलेली, अर्धी लोंबती, अशी ती पलंगाच्या कडेला किती तरी वेळ बसून राहिली, आणि मग नवऱ्याला हाक न मारता दातांनी बाही ओढून घेऊन निघाली. व्यायामाच्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मुलगी पट्ट्या गुंडाळत होती. तिला पाहून उठली, पण पुढे आली नाही. तिने खांद्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावरून ते सगळं गेलं जे खांद्याला झालं होतं.

"तुझ्यावरचा राग गेलेला नाही," ती म्हणाली. या वेळी आवाज तिला हवा होता तेवढा मोठा निघाला. "जाईल असंही वाटत नाही. तुझ्यामुळे झालं असंही नाही, ते मला कळतं. तरी आहे."

"बरं," मुलगी म्हणाली.

"बरं काय?"

"असू दे म्हटलं. मलाही माझा येतो."

हे मुलगी माफी मागायला म्हणाली की नुसतंच, ते कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. ती स्टुलावर बसली आणि पाठ मुलीकडे केली. खांद्यामागे बोटं टेकली, जरा गारच होती, आणि शोधत फिरायला लागली. इतक्या दिवसांनी नुसत्या स्पर्शाने ते आखडलेलं सगळं अंगावर आलं. मुलीने कोपराखाली हात घातला आणि दंड बाजूला उचलायला घेतला, आणि हिच्या तोंडून एक शिवी निघाली, लॉण्ड्रीतल्या बायका मशीनला घालायच्या ती. आजवर तिने ती नुसती ऐकली होती. मुलीला, मुकादमाला, विमावाल्याला, त्या दमलेल्या भल्या डॉक्टरला, शिडीला, नवऱ्याला, सगळ्यांना मिळून ती एकच घातलेली होती. बाहेर बाकावर कोणीतरी खोकलं.

"दुखतंय?" मुलीने विचारलं.

"दुखतंय."

"थांबू?"

"थांबलीस तर बघ," ती म्हणाली.